बारा महिन्यांची अट

एका विमा कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात मी बावीस वर्षं दावे विभागात काम केलं. शिक्षण बी.कॉम.पर्यंत. इतिहास शाळेनंतर कुणी शिकवला नाही. पण रोज पॉलिसीचे कागद वाचून एक गोष्ट हाडात मुरली. दाव्याचं काय होणार, हे बिलांवरून ठरत नाही. ते ठरतं पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांवर, जिथे शब्दांच्या व्याख्या दिलेल्या असतात. ती पानं विमा घेणारा बहुधा वाचत नाही आणि विकणारा वाचून दाखवत नाही. नोकरी सुटल्यावर मला जुन्या पॉलिसी आणि विम्याचे कायदे जमवायचा नाद लागला. त्या नादातून आतापर्यंत चार-पाच लेख झाले. हा लेख मात्र नादातून आलेला नाही. तो आला माझ्या भाचीच्या एका फोनवरून.

भाची अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. २०१६ मध्ये तिनं तिच्या मैत्रिणीशी लग्न केलं. आमच्या ताईनं ते पचवायला दोन वर्षं घेतली, आणि शेजारी अजूनही 'रूममेट'च म्हणतात. २०१८ च्या हिवाळ्यात भाचीचा फोन आला. 'मावशी, तू विम्यात होतीस ना? मग मला एक सांग. माझ्या विमा कंपनीनं पत्र पाठवलंय. मूल व्हावं म्हणून उपचार हवे असतील तर आधी बारा वेळा प्रयत्न करून अपयशी ठरल्याचा पुरावा द्या म्हणतात. तेही डॉक्टरांकडून, स्वतःच्या खर्चानं. हे कुठून काढलं त्यांनी?'

ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. पत्राची प्रत मी मागवून घेतली. भाषा ओळखीची होती, अगदी माझ्या जुन्या टेबलावरची. 'हे कुठून काढलं' या तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी एकोणिसाव्या शतकातल्या फिलाडेल्फियापर्यंत मागे गेले.

आधी नवरा, मग डॉक्टर

दात्याच्या वीर्यानं गर्भधारणा घडवल्याचा अमेरिकेतला सर्वांत गाजलेला जुना दाखला १८८४ चा आहे. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात विल्यम पॅनकोस्ट नावाचे डॉक्टर होते. एका व्यापाऱ्याच्या बायकोला मूल होत नव्हतं आणि तपासणीत दोष नवऱ्यात निघाला. पॅनकोस्ट यांनी तिला भूल दिली आणि आपल्या एका विद्यार्थ्याचं वीर्य वापरलं. नवऱ्याला नंतर सांगितलं. बायकोला सांगायचं नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं. हा प्रकार बाहेर आला १९०९ मध्ये, तेव्हाच्या विद्यार्थ्यांपैकी एकानं वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं तेव्हा.

या घटनेत जी मांडणी दिसते ती पुढची शंभर वर्षं टिकली. उपचार बाईच्या शरीरावर, परवानगी नवऱ्याची, आणि गुपित डॉक्टरांचं. १९५४ मध्ये इलिनॉयमधल्या एका न्यायालयानं असंही म्हटलं की, नवऱ्याची संमती असली तरी दात्याचं वीर्य वापरणं हा व्यभिचार आहे आणि होणारं मूल अनौरस. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, जॉर्जिया राज्यानं अशा मुलांना औरस ठरवणारा पहिला कायदा केला. १९७३ मध्ये सगळ्या राज्यांसाठी नमुना म्हणून पालकत्वाचा एक कायदा तयार झाला. त्याचं सूत्र असं: परवानाधारक डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि नवऱ्याच्या संमतीनं उपचार झाला, तर बाप नवरा, दात्याचा संबंध संपला.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परकं वाटू नये. बीज कुणाचं, क्षेत्र कुणाचं आणि मूल कुणाचं, हा वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे, आणि पुत्रांच्या प्रकारांत 'क्षेत्रज' आहेच. तिथेही प्रश्न नवऱ्याच्या वंशाचा होता. बाईला मूल हवं आहे का, हा नव्हता.

जिला नवराच नाही, अशी बाई या सगळ्या मांडणीत कुठेच बसत नव्हती. समलिंगी स्त्रिया मग डॉक्टरांना वगळून मार्ग काढू लागल्या. ओळखीच्या पुरुषाकडून वीर्य घ्यायचं आणि घरीच सिरिंजनं प्रयोग करायचा. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथे स्त्रियांच्या एका आरोग्य केंद्रातून एक वीर्यपेढी निघाली. अविवाहित आणि समलिंगी स्त्रियांना उघडपणे सेवा देणारी ही पहिली पेढी. या स्त्रियांना विमा मिळत नव्हताच. त्यांनी तो मागितलाही नाही, कारण दार उघडं मिळणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

मेरीलँड, १९८५

टेस्ट ट्यूब बेबीची कथा आता सगळ्यांना पाठ आहे. इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन २५ जुलै १९७८ ला जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली, आणि ज्यांनी कौतुक करायचं त्यांनीच त्यांचा छळ केला. अमेरिकेतली पहिली मुलगी डिसेंबर १९८१ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफॉकला झाली, हॉवर्ड आणि जॉर्जियाना जोन्स या डॉक्टर दांपत्याच्या हातून. आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा जन्मली.

उपचार शक्य झाला की पुढचा प्रश्न पैशाचा. त्याला पहिलं उत्तर दिलं मेरीलँड राज्यानं. १९८५ मध्ये तिथे कायदा झाला की, बाळंतपणाचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीनं आयव्हीएफचाही खर्च द्यायला हवा. स्त्रियांच्या बाजूनं मोठं पाऊल होतं ते. पण कायद्याला अटी होत्या, आणि त्या मी वाचल्या तेव्हा मला माझं जुनं टेबल आठवलं. वंध्यत्वाचा इतिहास किमान पाच वर्षांचा हवा, किंवा गर्भनलिका बंद असण्यासारखं ठरावीक कारण हवं. आणि स्त्रीबीज रुग्णाचं, वीर्य तिच्या नवऱ्याचं.

या शेवटच्या अटीकडे जरा थांबून बघू. ती समलिंगी स्त्रियांना बाहेर ठेवण्यासाठी घातली होती, असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. १९८५ च्या विधिमंडळात त्या कुणाच्या डोळ्यांसमोरही नसाव्यात. ज्याचा नवराच वंध्य आहे अशी जोडपीही त्या अटीमुळे बाहेर राहत होती. पण कायद्यातलं वाक्य एकदा लिहिलं गेलं की ते लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारत नाही. हवाईनं १९८७ मध्ये जवळपास हीच अट घेतली: पाच वर्षं, नवऱ्याचं वीर्य, आणि आयुष्यात एकदाच लाभ. टेक्सासनंही त्याच वर्षी पाच वर्षं आणि नवऱ्याचं वीर्य हे दोन्ही ठेवलं, शिवाय विमा कंपनीनं असं संरक्षण फक्त देऊ करायचं. घ्यायचं की नाही हे मालकानं ठरवायचं.

मॅसॅच्युसेट्सनं मात्र १९८७ मध्येच वेगळी वाट धरली. तिथल्या कायद्यात नवरा नाही आणि पाच वर्षंही नाहीत. निरोगी व्यक्तीला एक वर्षाच्या काळात गर्भ राहत नसेल तर ते वंध्यत्व, इतकीच व्याख्या. पुढच्या काळात इतर राज्यांनी आणि कंपन्यांनी हे एक वर्ष उचललं. भाचीच्या पत्रातला बारा हा आकडा याच एका वर्षाचा वंशज आहे.

एक वर्ष आलं कुठून?

या वर्षामागे एक खरा अभ्यास आहे. १९५० मध्ये 'फर्टिलिटी अँड स्टरिलिटी' या तेव्हा नव्यानं निघालेल्या नियतकालिकात ख्रिस्तोफर टिट्झ आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. १,७२७ नियोजित गर्भधारणांची माहिती घेऊन त्यांनी किती महिन्यांत गर्भ राहिला ते मोजलं. सुमारे नव्वद टक्के स्त्रियांना वर्षाच्या आत दिवस गेले होते. तेव्हा वर्षभर वाट बघून मग तपासणी करावी, हा शहाणा सल्ला ठरला. डॉक्टरांना उपयोगी, रुग्णालाही उपयोगी, कारण विनाकारण औषधं नकोत.

पण हा सल्ला होता वाट किती पाहावी याबद्दलचा. कुणाला मदत द्यावी आणि कुणाला देऊ नये, यासाठी तो काढलेला नव्हता. विमा कंपनीच्या हातात आल्यावर त्याचं स्वरूप बदललं. डॉक्टरांचं 'वर्षभर थांबून या' हे वाक्य कंपनीकडे जाऊन 'वर्षभर शरीरसंबंध ठेवल्याशिवाय तुम्ही वंध्य नाही' असं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागानं २००९ मध्ये ठरलेल्या परिभाषेतही बारा महिने किंवा अधिक काळ नियमित, असुरक्षित शरीरसंबंध हेच शब्द होते.

स्त्री-पुरुष जोडप्याकडे या बारा महिन्यांचा पुरावा कोण मागतो? कोणीही नाही. डॉक्टर विचारतात, 'किती दिवस झाले प्रयत्न करताय?' जोडपं म्हणतं, 'दीड वर्ष.' केसपेपरवर नोंद होते आणि दावा पुढे सरकतो. दावे विभागातल्या माणसाला माहीत असतं की ही नोंद तपासता येत नाही, म्हणून तो तपासत नाही. दोन स्त्रियांच्या बाबतीत मात्र तो शब्द जसाच्या तसा लावता येतो, आणि लावला गेला. तुम्ही असा संबंध ठेवलेला नाही. म्हणून तुम्ही वंध्य नाही. म्हणून दावा नामंजूर. दोन पुरुषांच्या बाबतीत तर हा प्रश्नच कधी पुढे जात नाही. त्यांना दात्रीचं स्त्रीबीज आणि सरोगेट माता दोन्ही लागतात, आणि बहुतेक पॉलिसी दोन्ही वगळतात.

न्यू जर्सीचं गणित

न्यू जर्सीचा कायदा २००१ चा. पस्तिशीच्या आतल्या स्त्रीनं दोन वर्षं आणि पुढच्या स्त्रीनं एक वर्ष असुरक्षित शरीरसंबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही, तर वंध्यत्व. २०१६ मध्ये काही समलिंगी स्त्रियांनी या व्याख्येविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. विधिमंडळानं मे २०१७ मध्ये कायदा बदलला. वर्तमानपत्रांनी समतेचा विजय म्हणून बातम्या दिल्या, आणि एका अर्थानं तो होताच. 'पुरुष जोडीदार नसलेली स्त्री' हे शब्द विम्याच्या कायद्यात पहिल्यांदा नीट लिहिले गेले.

पण अट काय घातली? पुरुष जोडीदार असेल तर पस्तिशीच्या आत बारा महिने, पुढे सहा महिने. पुरुष जोडीदार नसेल तर पस्तिशीच्या आत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गर्भाशयात वीर्य सोडण्याचे, म्हणजे आययूआयचे, बारा अयशस्वी प्रयत्न, पुढे सहा. कागदावर दोन्हीकडे बारा आणि सहा. कायदा लिहिणाऱ्यांना ही समता वाटली असणार.

दाव्यांची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या माणसाला ती वाटत नाही. एकीकडचे बारा महिने घरात, फुकट आणि कुणाच्या साक्षीशिवाय जातात. दुसरीकडच्या बारा प्रयत्नांना बारा वेळा दवाखाना, बारा वेळा रजा, बारा कुप्या. माझ्या भाचीला वीर्याची कुपी, तिची वाहतूक आणि डॉक्टरांची फी मिळून खेपेला हजार डॉलरच्या वर खर्च येत होता. आययूआय हाच मुळात एक उपचार आहे. म्हणजे विम्यानं उपचार द्यावा म्हणून आधी तोच उपचार बारा वेळा स्वतःच्या खिशातून करायचा, आणि तो फसला पाहिजे.

मेरीलँडनं २०१५ मध्ये आपली 'नवऱ्याचं वीर्य' ही तीस वर्षांची अट विवाहित समलिंगी जोडप्यांपुरती सोडली, तेव्हा त्यांनीही असंच गणित केलं: दोन वर्षांत सहा अयशस्वी प्रयत्न. पुढे २०२० च्या कायद्यानं ते एका वर्षात तीन केले. बारा, सहा, तीन. शरीरशास्त्र त्या काळात बदललं नव्हतं. आकडे वाटाघाटींतून खाली येत होते.

भाचीनं सात प्रयत्न केले. सातव्यानंतर पैसे संपले, आणि बायकोची नोकरीही गेली होती. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. तिनं मला फोन करून विचारलं, 'मावशी, कायदा नीट वाचून सांग. पस्तीस पूर्ण झाली की सहा प्रयत्न पुरतात ना? माझे सात झालेत. मग मी आता नुसती थांबले तर?'

मी दोनदा वाचलं. तिचं बरोबर होतं. पात्र होण्यासाठी तिला करायचं होतं ते फक्त वय वाढू देणं. प्रत्येक डॉक्टर सांगतो की, पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत उतरत जाते, म्हणून लवकर या. कायदा तिला सांगत होता, उशिरा ये. ती थांबली. दोन वर्षं.

आजारी नाहीत, मग विमा कशाला?

खरं सांगायचं तर पहिल्या फोनच्या वेळी माझ्याही मनात कंपनीचीच बाजू आली होती. बावीस वर्षांची सवय. विमा अपघातासाठी असतो, इच्छेसाठी नसतो. या दोघी धडधाकट आहेत, त्यांच्या शरीरात बिघाड नाही. पुरुषाशिवाय मूल होत नाही हा निसर्ग आहे, त्याला कंपनी काय करणार? बाकीच्यांनी हप्ते भरायचे ते कशासाठी? हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. अमेरिकेतही तो गंभीर माणसांनी केला आहे, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे.

मला उत्तर सापडलं ते दाव्याच्या फायलींतच. नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू नसतील तर उपचार कुणावर होतो? बायकोवर. इंजेक्शनं तिला, भूल तिला, बिलं तिच्या नावाची. तिच्या शरीरात कसलाही बिघाड नसतो. तरीही जिथे वंध्यत्वाचा विमा आहे तिथे हे पैसे दिले जातात, कारण व्याख्येनं जोडप्याला एक रुग्ण मानलेलं असतं. आयव्हीएफनं तरी कुठे काय बरं होतं? बंद गर्भनलिका उपचारानंतरही बंदच राहते. उपचार तिला वळसा घालतो. म्हणजे निरोगी बाईवर, बिघाड न दुरुस्त करणारा उपचार, जोडीदारात शुक्राणू नाहीत म्हणून. हे सगळं विम्यानं आधीच मान्य केलेलं आहे. माझ्या भाचीच्या जोडीदारातही शुक्राणू नाहीत. फरक उरतो तो जोडीदार पुरुष आहे की बाई, एवढाच.

अमेरिकेतल्या वकिलांनी नेमकी याच जागेवर पाचर मारली. २०१० च्या आरोग्य कायद्यात लिंगावरून भेदभाव करायला बंदी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एटना या मोठ्या विमा कंपनीविरुद्ध याच आधारावर सामूहिक दावा दाखल झाला. न्यूयॉर्क राज्यानं २०२० पासून मोठ्या गट-विम्यांना आयव्हीएफच्या तीन फेऱ्या बंधनकारक केल्या होत्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याच्या नियामकांनी बजावलं होतं की, समलिंगी जोडप्यांना आधी स्वखर्चानं प्रयत्न करायला लावू नका. २०२४ मध्ये एटनानं तडजोड केली. वीस लाख डॉलरचा निधी भरपाईसाठी, आणि आययूआयचा लाभ लैंगिकता न पाहता देशभर.

डॉक्टरांची संघटनाही हलली. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन ही संस्था १९४४ पासूनची. टिट्झ यांचा निबंध छापणारं नियतकालिक तिचंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिनं वंध्यत्वाची व्याख्या बदलली. एकट्यानं किंवा जोडीदारासह मूल होण्यासाठी दात्याच्या बीजासह वैद्यकीय मदतीची गरज असणं, हेही आता वंध्यत्वात धरलं जातं. न्यू जर्सीनं जानेवारी २०२४ मध्ये कायदा पुन्हा बदलून ही व्याख्या जवळ केली. बारा गेले आणि सहाही गेले. कॅलिफोर्नियानं सप्टेंबर २०२४ मध्ये मोठ्या गट-विम्यांसाठी तसाच कायदा केला. अंमल एकदा लांबणीवर पडून तो १ जानेवारी २०२६ पासून ठरला.

हा विजय मोजताना एक कलम विसरून चालत नाही. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्या कंपन्या आपल्या नोकरांचा आरोग्यखर्च स्वतःच्या तिजोरीतून करतात त्यांना राज्यांचे विमा कायदे लागू होत नाहीत. बड्या कंपन्यांची व्यवस्था बहुधा अशीच असते. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच राज्यात, दोन जोडप्यांना वेगवेगळं उत्तर मिळू शकतं. मालक कोण, यावर सगळं. पुरुष जोडप्यांची लढाई तर आता कुठे सुरू झाली आहे. न्यूयॉर्क शहराच्या नोकरवर्गाच्या विम्यावरून २०२२ मध्ये एका पुरुष जोडप्यानं तक्रार केली, २०२४ मध्ये त्याचा सामूहिक दावा झाला. पारलिंगी व्यक्तींचा प्रश्न आणखी निराळा आहे. संप्रेरकांचे उपचार सुरू करण्याआधी बीज गोठवून ठेवायला लागतं. त्या खर्चासाठी जे कायदे २०१७ पासून होऊ लागले ते प्रामुख्यानं कर्करोगाच्या रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून.

आपल्या पॉलिसीतलं पान

आता आपल्याकडे. १९८६ मध्ये, हर्षा जन्मली त्याच वर्षी, सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली. तिच्यात काय मिळणार नाही याची यादी होती. त्या यादीतलं एक कलम मला अजून तोंडपाठ आहे, कारण त्याचा क्रमांक मी कित्येक पत्रांवर टंकला आहे. वंध्यत्व, गुप्तरोग, स्वतःला जाणूनबुजून केलेली इजा आणि दारू किंवा अमली पदार्थांचं सेवन हे सगळं त्या एकाच कलमात एका ओळीत बसवलं होतं.

त्या ओळीच्या आधारे मी नाकारणीची पत्रं तयार केली. समोर बसलेल्या बायका आठवतात, बहुतेक सासूबरोबर आलेल्या. त्याच काळात माझ्या आणि ह्यांच्या तपासण्या चालू होत्या. चार वर्षं चालल्या आणि मग आम्ही थांबवल्या. आमची बिलं मी कधी दाव्याला लावलीच नाहीत. उत्तर मीच लिहिणार होते, ते मला ठाऊक होतं.

यादी आता सभ्य झाली आहे. विमा नियामकांनी वगळणुकींना प्रमाणित क्रमांक दिले. वंध्यत्वाला सतरावा क्रमांक मिळाला, आणि दारूला तिचा स्वतंत्र. काही कंपन्या हल्ली वाढीव हप्त्यात मर्यादित लाभ देतात. पण साध्या पॉलिसीत वगळणूक कायम आहे, आणि ती स्त्री-पुरुष जोडप्यांनाही सारखीच लागते. वंचित ठेवण्यातली ही समता.

२०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा मी उघडला तो जरा धास्तीनंच. व्याख्यांच्या कलमात वंध्यत्व शोधलं. एक वर्ष असुरक्षित संबंधानंतर गर्भ न राहणं, किंवा जोडप्याला गर्भधारणेपासून रोखणारं सिद्ध झालेलं वैद्यकीय कारण. टिट्झ यांचं वर्ष सत्तर वर्षांनी आपल्या कायद्यात येऊन बसलं होतं. जोडपं म्हणजे विवाहित जोडपं. एकवीस वर्षांवरच्या एकट्या स्त्रीला उपचार घेता येतात, पन्नाशीपर्यंत. म्हणजे माझी भाची पुण्यात असती तर एकटी बाई म्हणून दवाखान्यात जाऊ शकली असती. तिची बायको बाहेरच्या बाकावर 'रूममेट' म्हणून बसली असती. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमाचा फास सोडवला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचं काम संसदेचं आहे म्हणून हात आखडता घेतला. त्यामुळे 'विवाहित जोडपं' या शब्दांचं दार बंदच आहे.

विम्याच्या माणसाला या कायद्यांत आणखी एक गंमत दिसते. स्त्रीबीज देणाऱ्या बाईचा बारा महिन्यांचा विमा काढणं सक्तीचं आहे. सरोगेट मातेचा छत्तीस महिन्यांचा. दोन्ही योग्यच. म्हणजे या उपचारात धोका आहे, आणि तो विम्यानं उचलता येतो, हे आपल्या संसदेनं मान्य केलं आहे. जी बाई स्वतःसाठी हे सगळं सोसते, तिच्यासाठी मात्र सतरावा क्रमांक.

फाइल

भाचीचा पस्तिसावा वाढदिवस २०२२ मध्ये झाला. दुसऱ्याच दिवशी तिनं अर्ज केला. कंपनीनं सात प्रयत्नांच्या मूळ पावत्या मागितल्या. तिनं त्या जपून ठेवल्या होत्या, कारण पहिल्याच फोनवर मी तिला दुसरं काही नाही तरी एवढं सांगितलं होतं की, कागद टाकू नकोस. दावा मंजूर झाला. पहिली फेरी फुकट गेली. मिळालेली बीजं कमी होती. दोन वर्षांपूर्वी जास्त मिळाली असती का, या प्रश्नाला डॉक्टरांनी खांदे उडवले. दुसऱ्या फेरीतून गर्भ राहिला आणि अकराव्या आठवड्यात गेला. तिसरीत मुलगी झाली.

ताई तिकडे जाऊन सहा महिने राहून आली. आता शेजाऱ्यांना नातीचे फोटो दाखवते, आणि फोटोत दोघी आया असतात. कोण कोण आहे, हे ती सांगते.

मागच्या वर्षी भाची पुण्याला आली तेव्हा त्या सात पावत्यांच्या प्रती मला देऊन गेली. मी त्या माझ्या संग्रहात लावल्या आहेत, २०१७ च्या न्यू जर्सी कायद्याच्या प्रतीबरोबर. त्याच कपाटात खालच्या कप्प्यात १९८६ च्या मेडिक्लेमचा एक कोरा नमुना आहे. आणि आमची चार वर्षांची बिलं आहेत, दाव्याला कधीच न लावलेली. या लेखासाठी ती पहिल्यांदा बाहेर काढली आणि तारखेनं लावली.